हात : शून्य

आरोग्यधामाला ‘आदर्श समन्वय’ सन्मानाचे नामांकन मिळाल्याची वार्ता ज्या दिवशी आली, त्याच दिवशी माझ्या पत्नीच्या, राजमतीच्या, माकडहाडावरची कातडी जांभळी दिसू लागली. पहिल्या वार्तेचे पेढे कक्षात वाटले गेले. दुसरी वार्ता मी सांगितली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या तोंडात पेढा होता.

“काळजी करू नका, मगदूमकाका,” मेट्रन आवळे सिस्टर पेढा गालात सरकवून म्हणाल्या. “स्क्रीनवर खाट सात हिरवी आहे.”

“खाट हिरवी असेल. माणूस जांभळा आहे.”

“मी फिजिओला कळवते.”

फिजिओने आहारतज्ज्ञाला कळवले. आहारतज्ज्ञाने प्रथिने वाढवावीत असे डॉक्टरांना सुचवले. डॉक्टरांनी सूचना स्वीकारली आणि सिस्टरना कळवले. वर्तुळ पूर्ण झाले. राजमती होती त्या कुशीवरच पडून होती.

मी भूपाल मगदूम. तंत्रनिकेतनातून वस्त्र-उपकरणांची पदविका घेतली आणि सारी नोकरी इचलकरंजीतल्या गिरण्यांच्या चाचणी प्रयोगशाळांत केली. आमच्या गावातले माग आता सुती कापडावर जगत नाहीत. अर्ध्याहून अधिक मागांवर चांदीचा मुलामा दिलेला धागा आणि केसाहून बारीक काचतंतू चढतो, आणि त्यातून विणली जाते ती रुग्णालयांची जाणती चादर. निवृत्तीनंतरही चादर बनवणारी कंपनी मला अंशशोधनासाठी बोलावते; म्हणजे चादर जे सांगते ते खरे आहे की नाही, हे ताडून प्रमाणपत्र देण्यासाठी. राजमती शिलाईचा वर्ग चालवत असे. वर्गाच्या जिन्यावरून ती घसरली, मणका दुखावला आणि कमरेखालची जाणीव गेली. हात आणि जीभ मात्र पूर्वीसारखीच राहिली.

पुण्याच्या एका केंद्रात मज्जारज्जूवर विद्युत्-पट्टी बसवून अशा रुग्णांना पुन्हा उभे करतात. तिचा क्रमांक लागला होता. अट एकच होती: अंगावर कोठेही शय्याव्रण नको. फुटलेल्या कातडीतून शिरलेला जंतू त्या पट्टीपर्यंत पोहोचला, तर पट्टीही जाते आणि माणूसही. राजमतीचे उभे राहणे त्या तळहाताएवढ्या जांभळ्या डागावर येऊन थांबले होते.

शय्याव्रण ही अगदी साधी यांत्रिक घटना आहे. हाड वरून दाबते, गादी खालून दाबते, आणि मधल्या मांसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या चिमटीत सापडून मिटतात. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण त्याला अवघडल्याचे कळते. ज्याला कळत नाही, त्याचे मांस प्राणवायूवाचून मरू लागते; आणि ते आतून, हाडालगत मरते. कातडीवर लाली दिसेपर्यंत आतले नुकसान होऊन गेलेले असते. जाणत्या चादरीचे सारे महत्त्व यात आहे. तिचे काचतंतू कातडीत प्रकाश सोडतात, परतणाऱ्या प्रकाशाच्या रंगावरून आतल्या रक्तातला प्राणवायू ओळखतात आणि मांस घुसमटू लागताच, लाली येण्याच्या बऱ्याच आधी, हाक देतात.

हाक कोणाला द्यायची, हा प्रश्न आरोग्यधामाचे संचालक डॉ. शिरीष हुपरीकर यांनी सोडवला. त्यांच्या ‘समन्वय’ प्रणालीत प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला. डॉक्टर, परिचारिका, फिजिओ, आहारतज्ज्ञ, मावशी, स्वतः संचालक, कोणीही सुटले नाही. चादर हाक देई ती सर्वांत जवळच्या बिल्ल्यांना, हुद्दा न पाहता. बिल्ले खाटेपाशी आले की प्रणाली समजे, माणसे आली. खाट हिरवी होई. उद्घाटनाच्या भाषणात डॉक्टर म्हणाले होते, “या कक्षात आता पदांची उतरंड नाही. ज्याचा बिल्ला जवळ, त्याचे हात.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या होत्या. कल्पना चांगलीच होती.

डाग दिसला त्या दुपारी मी कंपनीच्या अधिकाराने खाट सातच्या चादरीची स्मृती उघडली. वेळेत काही चूक नव्हती. प्रत्येक हाकेनंतर राजमतीची कूस बदलली गेली होती, आणि प्रत्येक वेळी खाटेभोवती चार-पाच बिल्ले हजर होते. एकदा तर सात. रुग्णाभोवती इतके तज्ज्ञ केवळ शस्त्रक्रियेत किंवा छायाचित्रात दिसतात. पण धाग्यांवरचा ताण वेगळेच सांगत होता. दोन बाजूंनी उचललेले शरीर अलगद सुटते. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही एकदम सैल पडतात. इथे प्रत्येक वेळी बाणा एकाच दिशेला, खिडकीकडे, ओढला गेला होता. राजमतीला कोणी उचलत नव्हते. तिला ओढले जात होते, आणि तेही नेहमी एकाच बाजूने.

मी संचालकांच्या खोलीत गेलो. त्यांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. ऐकून घेण्याचे त्यांनी प्रशिक्षण घेतले होते, आणि ते दिसत होते.

“ओढल्याने काय होतं, ते तुम्हाला सांगतो,” ते म्हणाले. “कातडी चादरीला धरून राहते, हाड आतल्या आत सरकतं. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळवटतात. नुसत्या दाबाला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात मांस मरतं. म्हणून रुग्णाला एकट्याने कधीच वळवायचं नसतं. दोघांनी, दोन बाजूंनी, उचलून. यावर माझं व्याख्यान बँकॉकला झालंय.”

“मग उचलतं कोण, डॉक्टर?”

“टीम.”

“टीममधलं कोण?”

“मगदूमसाहेब, टीम म्हणजे एक व्यक्ती नव्हे. तीच तर संकल्पना आहे.”

ज्ञान अपुरे होते असे कोणी म्हणू नये. त्या इमारतीतल्या प्रत्येकाला सारे ठाऊक होते. भिंतीवर चित्रे होती, चित्रांत दोन माणसे रुग्णाला उचलत होती, आणि दोघेही हसत होते.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेआधीच मी कक्षाच्या जाळीच्या दाराबाहेर बाकावर बसलो. चादरीने हाक दिली: “खाट सात. डावी कूस. दोन जण.” मृदू, अदबशीर बाईचा आवाज, कंपनीने तो बराच विचार करून निवडला होता. मेट्रन टेबलापाशी होत्या. फिजिओ केतन खिडकीशी उभा राहून मोबाइलवर कोणाला तरी गुडघ्याचे व्यायाम समजावत होता. दोघांपैकी कोणी मानही वळवली नाही. आली ती मालन मावशी. कबनूरची, पन्नाशीतली, काटक बाई. कमरेला एक जाड चंची खोचलेली, पानसुपारीची असते तशी. ती खाटेजवळ पोहोचताच वरच्या पडद्यावर नावे उमटली: डॉ. शि. हुपरीकर. मेट्रन ल. आवळे. केतन जोंधळे, फिजिओ. आहारतज्ज्ञ. सर्वांत शेवटी, मालन कांबळे.

केतन तर समोर खिडकीशी उभा होता, आणि त्याचा गळा मोकळा होता.

मावशीने एकटीने राजमतीच्या काखेत हात घातले, पाय फरशीला रोवले आणि तिला आपल्याकडे ओढले. पडदा हिरवा झाला.

आमचे गाव गिरण्यांचे. एकाने दुसऱ्याची हजेरी लावायची रीत आम्हाला कोणाकडून शिकावी लागली नाही. पाळीवर येताना शेजाऱ्याचेही कार्ड सरकवून टाकायचे, आणि त्याने आपले. पण मागावरच्या त्या खोट्या हजेरीने फार तर धागा तुटत असे. या लोकांनी ती जुनी गावठी चोरी उचलली, तिला बिल्ले लटकवले आणि तिला समन्वय असे नाव दिले.

भेटीची वेळ झाली. मी आत गेलो.

“चंची दाखव, मालन.”

मावशीने राजमतीकडे पाहिले. राजमतीने चष्मा सारखा केला.

“दाखव गं. त्यांनी पाहिलंय. चेहरा बघ की कसा झालाय, उसाला तुरा आल्यागत.”

चंचीत बिल्ले होते. एकमेकांवर आपटून वाजू नयेत म्हणून आतून जाड अस्तर होते आणि प्रत्येकाला वेगळा कप्पा. टाका मी ओळखला. गेली कित्येक वर्षे माझ्या सदऱ्यांवर तोच आहे.

“तू शिवून दिलीस?”

“मग काय? दिवसभर खुळखुळ करत फिरत होती गुबुगुबूच्या नंदीबैलासारखी. झोप लागत नव्हती मला.”

“राजमती, ही बाई तुला एकटी ओढते. डाग त्यामुळे पडलाय.”

“काय करू ओ काका?” मावशी म्हणाली. आवाजात क्षमायाचना नव्हती, थकवा होता. “येकटीला न्हाई उचलत ह्यास्नी. सिस्टर म्हंत्यात, तू तर जातीसच खाटंला, आमचाबी बिल्ला घेऊन जा. न्हाई म्हटलं तर म्हंत्यात, मग कामाला दुसरी बघतो. आता कुणाला न्हाई म्हणू, सांगा.”

“मी सन्मानाच्या समितीला सांगतो. पुढच्या आठवड्यात मूल्यांकन आहे.”

“सांगा,” राजमती म्हणाली. “ते चौकशी करतील. बिल्ले कोणाकडे सापडले? मालनकडे. चोर कोण? मालन. ती जाईल आणि ते सगळे राहतील. मग मला ओढायलाही कोणी येणार नाही. मी इथं पडून कुजेन आणि पडदा हिरवाच राहील. एवढं तरी डोकं लावा, अहो.”

मी डोके लावले. तिच्या बोलण्यात दोष सापडला नाही. बिल्ले ज्यांचे होते त्यांनी ते स्वतःच्या हाताने काढून दिले, याला साक्षीदार एकच, आणि तीच आरोपी ठरणार होती.

नातेवाइकांनी रुग्णाला हात लावू नये असा तिथला नियम होता. जमिनीवर त्यासाठी पिवळी रेघ आखली होती. त्या दिवसापासून भेटीच्या वेळेत मी रेघ ओलांडून खाटेची दुसरी बाजू धरू लागलो. मावशी आणि मी मिळून उचलले की धागे कसे सैल पडतात, ते मला तळहातांनाच कळू लागले. पण भेटीची वेळ दिवसातून एकदा असते आणि हाड सारा दिवस दाबत असते. डाग कमी झाला नाही. कडेला एक लहान फोड आला.

मूल्यांकनापूर्वी चादरींचे अंशशोधन करून प्रमाणपत्र देणे नियमाने आवश्यक होते. ते काम माझेच. चादरीच्या मूळ रचनेत एक सोय होती, जी आरोग्यधामाने खरेदी करतानाच बंद करून घेतली होती. चांदीच्या धाग्याला माणसाचा तळहात ओळखता येतो. तळव्याची ऊब, घामातले क्षार आणि त्वचेची विद्युत्-धारकता यांचा एकत्र ठसा गादीला किंवा उशीला नसतो. रुग्णाच्या अंगाखाली किती हात शिरले आणि कोणत्या बाजूंनी, हे चादर मोजू शकते. सोय बंद करताना दिलेले कारण असे होते, की ती कर्मचाऱ्यांवर अविश्वास दाखवते.

मी हे लपवून केले नाही. संचालकांच्या खोलीत मेट्रनसमोर सांगितले, “डॉक्टर, मूळ प्रमाणकानुसार हस्तगणना चालू असायला हवी. चालू करतो आहे.”

डॉक्टर स्वागताच्या फलकावरचा मजकूर तपासत होते. त्यात ‘सौहार्द’ हा शब्द बसवायचा होता.

“जे प्रमाणकात असेल ते चालू ठेवा,” ते म्हणाले. “आमच्याकडे सगळं प्रमाणकाप्रमाणेच असतं.”

“म्हणजे चादर आता बिल्ले नाही, हात मोजेल.”

“उत्तम. सिस्टर, फुलं झेंडूची नकोत. ऑर्किड सांगा.”

मेट्रननी ऑर्किड सांगितली.

मूल्यांकनाच्या सकाळी सर्वांच्या गळ्यात आपापले बिल्ले परत आले. छायाचित्रे निघणार होती. मालन मावशीची चंची रिकामी झाली, आणि तिला मागे धुलाईघरात पाठवण्यात आले, कारण पाहुण्यांपुढे तिचे लुगडे बरे दिसत नव्हते. मला हेच हवे होते. आता जे घडेल त्यात तिच्याकडे बोट दाखवण्याची सोय कोणालाही उरली नव्हती.

समितीच्या प्रमुख देवयानी बर्वे नावाच्या बारीक अंगाच्या, नेटक्या बाई होत्या. त्यांच्याबरोबर डॉ. हुपरीकर, मेट्रन, केतन आणि आहारतज्ज्ञ तन्वी असा ताफा खाटांमधून फिरत होता. मी पिवळ्या रेघेबाहेर, प्रमाणपत्र देणारा तंत्रज्ञ म्हणून, उभा होतो. ताफा खाट सहापाशी असताना चादरीने हाक दिली.

“खाट सात. उजवी कूस. दोन जण.”

“पाहा,” डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले, “आता प्रणाली सर्वांत जवळच्या टीमला बोलावते.” चौघे खाटेपाशी आले. पडद्यावर चौघांची नावे उमटली. सर्वजण हिरव्या रंगाची वाट पाहत उभे राहिले.

“हात: शून्य,” चादर म्हणाली.

केतनने पडद्यावर बोट टेकवून ‘प्रतिसाद नोंदवला’ हे बटण दाबले.

“हात: शून्य.”

“नवीन आवृत्ती आहे वाटतं,” तन्वी पुटपुटली.

“यात एक सूक्ष्म मुद्दा आहे,” डॉक्टर बर्वेबाईंकडे वळले. “रुग्णाला ओढलं तर कातडी आणि हाड यांच्यामध्ये जो ताण निर्माण होतो…”

“हात: शून्य. दोन जणांचे हात हवेत.”

“…तो केवळ दाबापेक्षा अधिक घातक असतो, म्हणून आमच्या कार्यपद्धतीत…”

“हात: शून्य.”

तो अदबशीर आवाज चढत नव्हता, उतरतही नव्हता. बर्वेबाईंनी हातातली लेखणी खाली केली होती. राजमतीने उशीवरून चौघांकडे आळीपाळीने पाहिले.

“एवढे जण जमलाय,” ती म्हणाली. “मला पाहायला आलाय की उचलायला? पाहून झालं असेल तर फोटो काढून घ्या.”

मेट्रनचे कान लाल झाले. त्यांनी पुढे होऊन राजमतीच्या कमरेखाली हात सरकवले. ही गोष्ट त्या कधीकाळी रोज करत असणार, हे त्यांच्या मनगटांवरून कळले. आणि तेवढ्यानेच मला त्यांचा अधिक राग आला.

“हात: दोन. समोरच्या बाजूने अजून दोन.”

समोरच्या बाजूला डॉ. हुपरीकर उभे होते. त्यांनी केतनकडे पाहिले. केतन खाटेच्या पायथ्याशी होता, आणि रुग्णाला पायथ्याकडून उचलता येत नाही. डॉक्टर वाकले. हात घातले आणि ओढले.

“ओढू नका. उचला.”

“घड्याळ काढा, डॉक्टर,” राजमती म्हणाली. “पट्टा कापडात अडकतोय. उसवेल, माझी कातडीसुद्धा.”

संचालकांनी घड्याळ काढून ठेवण्यासाठी जागा शोधली. शेवटी ते माझ्याकडे दिले. मग पुन्हा वाकले. मेट्रननी हळू आवाजात “सर, माझ्या तीनला” असे म्हटले, एक-दोन-तीन मोजले, आणि त्या दोघांनी माझ्या पत्नीला उचलून कुशीवर ठेवले. धागे सैल झाले असणार. आवाज थांबला. पडदा हिरवा झाला, आणि माझ्या माहितीत पहिल्यांदा तो रंग खरा होता.

“नेहमी इतका वेळ लागतो?” बर्वेबाईंनी विचारले.

“आज प्रात्यक्षिक म्हणून सावकाश केलं,” संचालक कपाळ पुसत म्हणाले.

बाईंना काही कळले नसेल असे मी मानत नाही. पण त्यांनाही आपल्या अहवालात काही नवीन हवे होते, आणि हातांची संख्या ही नवीन संख्या होती. सन्मान आरोग्यधामालाच मिळाला. प्रशस्तीत ‘हस्तगणनेचा धाडसी स्वीकार’ असे शब्द होते. त्याचबरोबर अट आली: ही सोय बंद करता येणार नाही, आणि तिचे आकडे समितीकडे थेट जात राहतील. ज्यांनी दोन हातांचे काम टाळण्यासाठी एवढी यंत्रणा उभारली, त्यांना सन्मानानेच कामाला लावले. एवढा एकच विनोद त्या संस्थेने आजवर केला आहे, तोही नकळत.

त्यानंतर लोक आले. नाराजीने, उसासे टाकत, पण दोन बाजूंनी. तन्वी आली आणि उचलता उचलता राजमतीच्या ताटात उरलेली भाजी पाहून तिने आहार बदलला. केतन आला आणि टाचेखालची उशी चुकीची आहे हे त्याला दिसले. ती उशी त्यानेच दूरवरून सुचवली होती. मेट्रननी फोडाची पट्टी रोज स्वतः पाहिली. यापूर्वी हे सारे एकमेकांना संदेश पाठवत होते. आता एकमेकांच्या समोर वाकून उभे राहत होते, आणि वाकलेल्या माणसाला समोरचे दिसतेच. डाग कडेकडून फिकट होत गेला. फोड सुकला. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून कातडी पाहिली आणि होकार दिला.

राजमतीला रुग्णवाहिकेत चढवताना मावशीने स्ट्रेचरची कड धरली होती. “चंचीत आता काय ठेवतीस गं?” राजमतीने विचारले.

“पान. कप्प्याकप्प्यानं. कात येगळा, चुना येगळा.”

“चांगलं झालं. शिवलेलं वाया जात नाही.”

मला त्या दिवशी तिच्याबरोबर जायचे होते. पण रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच डॉ. हुपरीकर लगबगीने आले. चादरींचे एक छोटे काम आहे, फक्त प्रमाणपत्राचा प्रश्न, मी संध्याकाळच्या गाडीने निघावे, अशी त्यांची विनंती होती. राजमती म्हणाली, “जा. तुमचा चेहरा पाहिला की डॉक्टरांना कसंतरी होतं. मला ते आवडतं.”

कक्षात खाट सात रिकामी होती. डॉक्टरांनी एक पेटी उघडली. आत रबराचे पंजे होते, अगदी तळहाताच्या आकाराचे, रेषांसकट. एका तरुण कंपनीने ते बनवले होते. आत तापवणारी तार होती, आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रांतून खारे पाणी पाझरत होते.

“सगळीकडे मागणी आहे,” डॉक्टर म्हणाले. “हस्तगणना आता साऱ्या राज्यात लागू होतेय ना. तुम्ही फक्त प्रमाणित करा, की चादर यांना ओळखते. कर्मचाऱ्यांचा केवढा वेळ वाचेल.”

“कशासाठी वाचेल?”

“समन्वय बैठकांसाठी. त्यांना वेळच उरत नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिले. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी आयुष्यात कधी थट्टा केली असेल असे वाटत नाही.

“प्रमाणित करायला चादरीवर माणसाएवढं वजन लागतं,” मी म्हणालो. “वाळूच्या पिशव्या मी आणलेल्या नाहीत.” पिशव्या बाहेर मोटारीत होत्या. मी चपला काढल्या, टोपी घडी करून खिशात ठेवली आणि खाट सातवर उताणा झोपलो. “ठेवा पंजे. दोन्ही बाजूंनी.”

केतनने ते माझ्या कमरेखाली सरकवले. ते उबदार होते, आणि किंचित ओले. मी चाचणीची कळ दाबायला सांगितले.

“खाट सात,” तो ओळखीचा आवाज म्हणाला. “डावी कूस. दोन जण.” मग चादरीने मोजले. “हात: चार.” पडदा हिरवा झाला.

“झालं,” डॉक्टर म्हणाले आणि प्रमाणपत्राचा फलक माझ्यापुढे धरला. “सही.”

“करतो की,” मी छताकडे पाहत म्हणालो. “चादरीने चार हात मोजले. त्या चार हातांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, की लगेच करतो.”

पंजे आपली ऊब देत राहिले. मी होतो तिथेच होतो. माझ्या पाठीचे हाड थोडे थोडे गादीत रुतत असल्याचे मला कळत होते. राजमतीला ते कळत नसे, एवढाच फरक.

“मगदूमसाहेब, हा बालिशपणा आहे.”

“असेल. मी निवृत्त आहे, मला घाई नाही. गाडी संध्याकाळची आहे. दुसरा तंत्रज्ञ बोलवायचा तर बोलवा. पण आधी मला इथून उठवावं लागेल, आणि मी स्वतः उठणार नाही.”

मालन मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन दारातून आत आली. तिने मला पाहिले, पंजे पाहिले, दोघांचे चेहरे पाहिले. गठ्ठा शेजारच्या खाटेवर ठेवला, चंची पाठीमागे सरकवली, आणि माझ्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली. रबरी पंजे तिने उपसून लादीवर टाकले.

“हात: शून्य,” चादर म्हणाली.

“सर,” मावशी म्हणाली, “त्या अंगाला या.”

डॉ. हुपरीकरांनी दाराकडे पाहिले, फलकाकडे पाहिले, मग घड्याळाच्या पट्ट्याला हात घातला. त्यांना पश्चात्ताप झाला असे मी कोणाला सांगणार नाही. त्यांना सही हवी होती, आणि ती या खाटेवर पडली होती. पट्टा सुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने माझ्या पाठीखाली दुसऱ्या बाजूने दोन हात शिरले. गार होते, कोरडे होते, आणि कुठे धरायचे ते त्यांना अजून नीट ठाऊक नव्हते.

“माझ्या तीनला,” मावशी म्हणाली.